बारा चुकांचा तास

रसायनशास्त्राच्या बाईंच्या प्रयोगशाळेत सत्तावीस वर्षांत एकही अपघात झाला नव्हता, आणि ही गोष्ट बाई दिवसातून फार तर तीनदाच सांगत. चौथ्यांदा सांगायची वेळ आली की त्या मामांकडे बघत, आणि मग ती मामा सांगत. मामा म्हणजे प्रयोगशाळेचे परिचर. काचसामान धुणे, पुसणे, जागच्या जागी ठेवणे आणि बाईंचे म्हणणे खरे आहे अशी मान हलवणे, ही चारही कामे ते एकोणीस वर्षे सारख्याच निष्ठेने करत आले होते.

अगदी खरे सांगायचे तर अपघात एक झाला होता. पण तो बाईंच्या नोकरीच्या पहिल्या वर्षी, पहिल्याच तासाला, आणि तो मोजणीत धरायचा नाही असे बाईंनी स्वतःच ठरवून टाकले होते. त्या दिवशी त्यांनी सुरक्षेचे चाळीस नियम वर्गाला मोठ्याने वाचून दाखवले. पस्तीस मिनिटे लागली. चाळिसावा नियम ‘नीट लक्ष द्या’ असा होता, आणि तो वाचत असतानाच पुढच्या बाकावरच्या एका मुलाने बर्नरवर वाकून अर्धी भुवई घालवली. भुवई महिन्याभरात परत उगवली. वाचून दाखवण्यावरचा बाईंचा विश्वास मात्र परत उगवला नाही.

पुढच्या वर्षापासून त्यांनी नियम चौदावर आणले, तक्ता करून भिंतीला लावले आणि वाचणे बंद केले. त्याऐवजी, नवा वर्ग प्रयोगशाळेत पहिल्यांदा यायच्या आधी त्या स्वतःच्या हाताने खोलीत बारा चुका मांडून ठेवू लागल्या. चुकांची यादी एका लिफाफ्यात बंद करून फळ्याशेजारच्या खिळ्याला टांगायची, आणि मुलांना आत सोडायचे. बाराच्या बारा सापडल्याशिवाय बर्नर पेटायचा नाही. एका वर्गाला तीन आठवडे लागले होते. तो वर्ग आता मोठा होऊन बालबच्च्यांत रमला आहे, पण त्यातला एकही जण अजून पोरांच्या हाती काडेपेटी लागू देत नाही.

चौदावा नियम सर्वांत कडक होता. ‘नियम मोडणाऱ्याने बाहेरच्या बाकावर बसून सुरक्षेची प्रश्नपत्रिका सोडवावी. वीसपैकी वीस मिळाले तरच आत यावे.’ त्याच्याखाली कधीतरी, उत्साहाच्या भरात, बाईंनी तांबड्या शाईने आणखी एक शब्द लिहिला होता: ‘शिक्षकांनीसुद्धा.’ लिहिताना त्यांना स्वतःचे फार कौतुक वाटले होते. असल्या शब्दांची मजा अशी की लिहायला काही लागत नाही.

यंदा मात्र गोष्ट वेगळी होती. शाळेला एक सभागृह हवे होते. निदान मुख्याध्यापकांना हवे होते, आणि शाळेला काय हवे ते ठरवणे हे त्यांचेच काम होते. गेल्या महिन्यात ते मोजपट्टी घेऊन दोनदा प्रयोगशाळेत येऊन गेले. कापड बेतणारा शिंपी जसा गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे न बघता खांद्यांकडे बघतो, तसे ते बाईंच्या डोक्यावरून भिंतींकडे बघत.

“बाई, आता सगळे प्रयोग व्हिडिओवर दिसतात,” ते म्हणाले. “व्हिडिओत कोणी भाजत नाही, काही फुटत नाही, वास येत नाही.”

“आणि कळतही नाही काही.”

“पण मार्क पडतात ना!”

हे मात्र बाईंनाही मान्य होते; मार्क खरेच पडत.

शेवटी शिक्षण खात्याचा तपासनीस येणार असे ठरले. मुले स्वतःच्या हाताने आणि सुरक्षितपणे प्रयोग करताना दिसली तर प्रयोगशाळा राहील. नाही तर टेबले निघतील आणि खुर्च्या येतील. त्याला सवड होती ती फक्त गुरुवारी, चौथ्या तासाला. आणि नववी ब चा वर्ग प्रयोगशाळेत पाऊल टाकणार होता तो त्याच गुरुवारी, तिसऱ्या तासाला. म्हणजे बारा चुका एका तासात सापडायला हव्यात, आणि पुढच्या तासाला बर्नर पेटायला हवा.

“ती चुकांची भानगड यंदा राहू द्या,” मुख्याध्यापकांनी सुचवले. “थेट पेटवा.”

“राहू देते,” बाई म्हणाल्या. “भुवया तुम्ही पुरवणार असाल तर.”

गुरुवारी सकाळी बाई आरशासमोर उभ्या राहून कपाळाला मलम लावत होत्या. त्यांच्या कपाळावर एक आडवी, तांबूस रेघ होती आणि काही केल्या ती जात नव्हती. तिला त्या काळजीची रेघ म्हणत. तिच्यापायी आजवर सात प्रकारची मलमे झाली होती.

मागे स्वयंपाकघरात त्यांच्या सत्त्याऐंशी वर्षांच्या सासूबाई कांदा चिरत होत्या, प्रयोगशाळेतून बाद झालेला एक गॉगल लावून. तो सुनेने दिल्यापासून त्यांच्या डोळ्यांतून पाण्याचा टिपूस आला नव्हता, आणि त्यामुळे घरातले कांद्याचे काम त्या दुसऱ्या कोणाला करू देत नसत.

“रेघ गेली का गं?”

“नाही हो, आई. काळजी का अशी जाते?”

“मोठी शहाणी दिसते ही काळजी. सुट्टी लागली की बरोबर आठ दिवसांत जाते, आणि शाळा उघडली की परत येते.”

“सुट्टीत काळजी नसते मला.”

“असं होय,” सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढचा कांदा घेतला. गॉगलमुळे त्यांच्या चेहऱ्यावरचे काही कळत नसे.

शाळेत जाऊन बाई कामाला लागल्या. चुका मांडणे हे काम दिसते तितके सोपे नाही. चूक उठून दिसता कामा नये आणि बेमालूमही होता कामा नये. त्यांनी वाळूची बादली दाराआड सरकवून तिच्यावर स्टूल ठेवले. एका परीक्षानळीच्या काठाला तडा होता, ती स्टँडमध्ये इतरांच्या ओळीत लावली. स्पिरिटची बाटली बर्नरशेजारी नेऊन ठेवली. एका बाटलीची चिठ्ठी सोलून काढली. वजनकाट्याजवळ अर्धे बिस्किट ठेवले; उरलेले अर्धे कुठे गेले ते विचारायचे कारण नाही. प्रथमोपचाराच्या पेटीला कुलूप लावले, आणि किल्ली काचेतून छान दिसेल अशी आतच ठेवली. गोदामातून जुने, मुदत संपलेले अग्निशामक आणून भिंतीवर टांगले. खिडकीचा पडदा एका बर्नरपर्यंत ओढला. दाराच्या वाटेत दोन खोकी रचली. फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिले: ‘आम्ल पातळ करताना आम्लात पाणी ओतावे.’ खरे म्हणजे पाण्यात आम्ल ओतायचे असते. उलटे केले तर आम्ल उसळून थेट तोंडावर येते.

मग त्यांनी मामांना जीवशास्त्राच्या खोलीतून हाडांचा सापळा आणायला पाठवले. सापळ्याला ॲप्रन चढवून टेबलाशी उभे करायचे आणि पायांत उघड्या सपाता घालायच्या. त्याच्या पायांचे आता आणखी काय व्हायचे राहिले होते, हा प्रश्न वेगळा. पण पाऊल झाकणारे बूट हवेत म्हणजे हवेत.

ह्या झाल्या अकरा. बारावी ऐन वेळी सुचली. बाईंनी अर्धा मग पाणी घेऊन मोरीजवळच्या फरशीवर सांडले, यादीत तेवढे लिहिले, लिफाफा चिकटवला, टांगला, आणि त्या वर्गाला आणायला गेल्या. मामा सापळ्याला घेऊन येतच होते. फरशीवर थेंब दिसला की मामांचा हात फडक्याकडे आपोआप जातो, ही गोष्ट एकोणीस वर्षांच्या ओळखीत बाईंना ठाऊक नव्हती असे नाही. त्या क्षणी ती त्यांच्या डोक्यात नव्हती, एवढेच.

नववी ब मध्ये अडतीस मुले. प्रत्येकाला दारातच गॉगल मिळाला. त्यांपैकी दोघांची ओळख असली म्हणजे पुरे. एका मुलाला सगळे ‘घाई’ म्हणत, कारण तो प्रश्न संपायच्या आधी उत्तर देई, आणि ते बहुधा दुसऱ्याच प्रश्नाचे असे. एका मुलीला ‘शंका’ म्हणत. हे नाव का पडले ते तिने तोंड उघडले की कळे.

“हं,” बाई म्हणाल्या. “शोधा. हात कशालाही लावायचा नाही. डोळे लावा.”

पहिली पाच मिनिटे नुसता गोंधळ. मग कोणीतरी ओरडले, “बाई, बिस्किट!”, आणि झुंबड उडाली.

“त्या सापळ्याच्या पायात सपाता!”

“गप रे, सापळा म्हणजे चूक असते का?”

“सापळा नाही, सपाता चूक!”

“बाई, हा सापळा नियम मोडूनच असा झाला का?”

“किल्ली आत आहे! पेटीची किल्ली पेटीतच आहे!”

“माझ्या आजोबांनी तिजोरीचं असंच केलं होतं. अजून उघडली नाही.”

“बाई, हे अग्निशामक माझ्यापेक्षा वयाने मोठं आहे.”

घाईने एकट्याने सात चुका सांगितल्या, त्यांतल्या दोन खऱ्या होत्या. फळ्यावरचे वाक्य शंकेने पकडले. ते ती आधी मनात दोनदा वाचून बघत होती, आणि बाई तिला बघत होत्या. असली मुलगी तीन-चार वर्षांतून एखादी मिळते, आणि ती मिळाली की बाईंना पगार कमी आहे ते आठवत नसे.

पस्तीस मिनिटांत अकरा झाल्या. बारावी काही सापडेना. बाई सहज म्हणून मोरीच्या दिशेने खोकल्या. कोणी बघितले नाही. मग त्यांनी त्या बाजूला नजर टाकून जरा मोठा सुस्कारा सोडला. पाच मिनिटे उरली होती. बाहेरच्या व्हरांड्यात आत्ता पावले वाजतील की मग, असे झाले होते.

“बाई, एक शंका आहे.”

“बोल.”

“तुमचा गॉगल.”

“काय झालं माझ्या गॉगलला?”

“तो कपाळावर आहे.”

बाईंचा हात वर गेला. गॉगल कपाळावर होता. तो तिथे असणारच होता. तो नेहमी तिथेच असे.

“दुसरा नियम,” शंका म्हणाली. “गॉगल डोळ्यांवर.”

आणि मग छप्पर उडायचे तेवढे राहिले. “बारा! झाल्या बारा!” “बाईंनी स्वतःलाच चूक म्हणून ठेवलं!” “कसलं डोकं आहे, बाई!” “आम्ही सगळी खोली शोधतोय आणि चूक समोर फिरतेय!” घाईने सापळ्याशी हात मिळवला. अडतीस जोड्या हात टाळ्या पिटत होते, आणि बाई हसू चेहऱ्यावर तसेच धरून खिळ्याकडे गेल्या. लिफाफा फोडून बारा चुका वाचायच्या, आणि मग काडी ओढायची, असा रिवाज होता.

त्यांनी लिफाफा फोडला. अकरा ओळी बरोबर. बाराव्या ओळीत लिहिले होते: ‘मोरीजवळ फरशीवर पाणी.’

बाईंनी मोरीकडे पाहिले. फरशी कोरडी होती. नुसती कोरडी नव्हे, चकचकत होती. शेजारी मामा दोन्ही हात पाठीमागे घेऊन उभे होते, आणि पाठीमागून ओल्या फडक्याचे एक टोक लोंबत होते.

आता काय झाले आहे ते बाईंना एका दमात कळले. यादी त्यांच्या हातात होती, आणि ती त्याच वाचणार होत्या. ‘बारावी: बाईंचा गॉगल’ एवढे म्हणायचे की झाले. आकडा जुळत होता. मुले खूश होती. तपासनीस दारात पोचेपर्यंत बर्नर पेटले असते, प्रयोगशाळा वाचली असती, आणि स्वतःलाच चूक म्हणून मांडणाऱ्या बाई म्हणून त्यांची कीर्ती पुढची तीस वर्षे सांगितली गेली असती. फक्त मामांना कळले असते. आणि मामा तर मान हलवायला तयारच होते.

“बाई, अजून एक शंका,” शंका म्हणाली. टाळ्या थांबल्या. “हे आजच्यापुरतं मुद्दाम असेल, तर कपाळावर वळ कसा? माझ्या दादाला हेल्मेटचा वळ पडायला सहा महिने लागले होते.”

बाईंच्या डोळ्यांसमोरून मलमाच्या सात डब्या ओळीने गेल्या. काळजी सुट्टीत जाते आणि शाळा उघडली की येते, असे कोणी म्हटले होते ते आठवले. तो कांदा इतक्या शांतपणे का चिरला गेला तेही आत्ता उलगडले. आणि त्यामागून एक जरा गार विचार आला: सत्तावीस वर्षे उघड्या डोळ्यांनी आम्लाच्या बाटल्यांवर वाकून झाले. अपघात झाला नाही खरा. पण त्यात नियमांचा भाग किती आणि नशिबाचा किती?

समोर अडतीस गॉगल होते. सगळे डोळ्यांवर.

“बारावी चूक,” बाईंनी वाचले, “मोरीजवळ फरशीवर पाणी.”

“कुठे आहे पाणी?” घाई ओरडला.

“होतं,” मामा पुढे आले. त्यांनी फडके असे समोर धरले, जणू पकडलेला माल. “बाई, मी पुसलं. कोणी घसरलं असतं ना पोर.”

पुन्हा आरडाओरडा झाला. “मामांना सापडली! बारावी मामांना सापडली!” “सगळ्यांच्या आधी!” “मामा, तुम्ही पास!” मामा एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच लाजले.

“मग गॉगल?” कोणीतरी विचारले.

“तो,” बाई म्हणाल्या, “मी मांडला नव्हता. तो माझाच आहे.”

घाईने काडेपेटीकडे बघत विचारले, “म्हणजे आमच्या बारा झाल्या. पेटवू?”

“बाईंशिवाय?” शंका म्हणाली. “पहिला नियम.” मग तिची नजर भिंतीवरच्या तक्त्यावर खाली खाली गेली आणि तळाशी, तांबड्या शाईवर थांबली. अडतीस जणांनी तो शब्द एकदमच वाचला.

बाईंनी टेबलावरून पेन उचलले. “माझ्या प्रश्नपत्रिका डावीकडच्या कपाटात आहेत,” त्या म्हणाल्या.

“त्या तुम्हीच काढलेल्या आहेत,” शंका अवघडून म्हणाली. “त्या कशा चालतील, बाई?”

वीस प्रश्न काढायला नववी ब ला सहा मिनिटे लागली. एरवी एक उत्तर लिहायला या वर्गाला याहून जास्त वेळ लागे.

व्हरांड्यातला बाक तेरा-चौदा वर्षांच्या गुडघ्यांच्या मापाचा होता. बाई त्यावर बसल्या तेव्हा त्यांचे गुडघे हनुवटीशी आले. पहिले सोळा प्रश्न त्यांनी सपासप सोडवले. सतरावा होता: ‘गॉगलच्या काचेवर आतून वाफ धरली तर काय कराल?’

इथे पेन थांबले. कारण बाई वाचायचा चष्मा लावत. त्यावर गॉगल चढवला की श्वासाची वाफ धरे, दिसेनासे होई, आणि मग त्या गॉगल जरा वेळ वर सारत. ‘जरा वेळ’ सुरू झाला होता त्याला सत्तावीस वर्षे झाली होती. ‘कपाळावर चढवते’ हे उत्तर खरे होते, पण त्याला मार्क मिळणार नव्हते.

“बाई!” मुख्याध्यापकांचा आवाज आला. त्यांच्याबरोबर फाईल काखोटीला मारलेले तपासनीस होते. “तुम्ही इथे काय करताय?”

“पेपर लिहितेय, सर.”

“कसला पेपर?”

“नापास झाले.”

तपासनिसांनी चष्म्यावरून पाहिले. “कोणी केलं नापास?”

“नववी ब ने.”

आयुष्यात त्यांनी सहाशे शाळा तपासल्या होत्या. फाईलमध्ये या उत्तरासाठी रकाना नव्हता. ते आत गेले, आणि मुख्याध्यापक मागोमाग. आत मुले टेबलांशी उभी होती, हात पाठीमागे, गॉगल डोळ्यांवर. एकही बर्नर पेटलेला नव्हता.

“बघा साहेब,” मुख्याध्यापक हलक्या आवाजात म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खुर्च्यांच्या रांगा मांडल्या जात होत्या. “प्रयोग वगैरे काही होतच नाही इथे.”

“साहेब, गॉगल,” शंकेने दोन गॉगल पुढे केले.

तपासनिसांनी निमूट लावला. मुख्याध्यापकांनी हाताने झिडकारला. “अरे, साहेब आलेत आणि उभे काय राहिलात? पेटवा! मी सांगतो, पेटवा!”

घाईचे बोट शिवशिवले. त्याने ते दुसऱ्या हाताने धरून ठेवले. “सर, तुमच्या डोळ्यांवर गॉगल नाही,” तो म्हणाला, आणि आपण योग्य प्रश्नाचे योग्य उत्तर दिले याचे त्याला स्वतःलाच आश्चर्य वाटले.

“आणि बाई बाहेर आहेत,” शंका म्हणाली. “त्या पास होईपर्यंत आम्ही थांबलोय.”

“किती वेळ थांबाल?” तपासनिसांनी विचारले.

“वीसपैकी वीस मिळेपर्यंत. एका वर्गाला तीन आठवडे लागले होते, साहेब.”

तेवढ्यात दारात बाई उभ्या राहिल्या. आत पाऊल न टाकता, उंबऱ्याबाहेर. “सतराव्याचं उत्तर मला येत नाही,” त्या म्हणाल्या. “अकरावा नियम: माहीत नसेल तर विचारा. विचारतेय.”

हे वाक्य बाईंच्या तोंडून त्या खोलीने कधी ऐकले नव्हते. मामांनी भिंतीला हात टेकला.

“साबण!” घाई फुटलाच. “आतल्या बाजूने कोरडा साबण अगदी हलका चोळायचा आणि मऊ फडक्याने चकचकीत होईपर्यंत पुसायचं. माझे बाबा हेल्मेटच्या काचेला करतात. मग वाफ धरत नाही.”

“का धरत नाही?” बाईंनी सवयीने विचारले.

“बाई, आत्ता तुमची परीक्षा चालू आहे,” शंका म्हणाली.

मामांनी साबण आणला. फडके आणले, कोरडे, घडीचे. बाईंनी उंबऱ्याबाहेर उभे राहून काच चोळली, पुसली, वाचायच्या चष्म्यावर गॉगल चढवला आणि मोठा श्वास सोडला. काच स्वच्छ राहिली. त्यांनी सतरावे उत्तर लिहिले, आणि उरलेली तीनही. शंकेने पेपर तपासला आणि परत दिला. वर लिहिले होते: ‘२०/२०. अक्षर सुधारा.’ हा शेरा बाईंच्या ओळखीचा होता. गेल्याच आठवड्यात त्यांनी तो अडतीस वह्यांवर लिहिला होता.

बर्नर पेटले. तारेचे टोक ओले करून क्षारात बुडवायचे आणि ज्योतीत धरायचे, एवढाच प्रयोग. पहिल्या टेबलावर साधे मीठ गेले आणि ज्योत पिवळीधमक झाली. दुसऱ्यावर मोरचूद, हिरवीगार. खिडकीपाशी कोणाची तरी विटकरी उठली, आणि शंकेच्या टेबलावर एक फिकट जांभळी, अशी नाजूक की तिने श्वास रोखून धरला. “ए बघ, बघ!” “माझी बघ!” “बाई, हा रंग नेहमी आत लपलेला असतो का?” बाई टेबलांमधून फिरत होत्या. हे रंग त्यांनी सत्तावीस वर्षे बघितले होते, पण दर वेळी अर्धे लक्ष ठिणगी कुठे उडते इकडे असे, डोळे बारीक केलेले असत. आज डोळे सताड उघडे होते. जांभळी ज्योत एवढी जांभळी असते हे त्यांना माहीतच नव्हते.

“मी एक करून बघू का?” मागून तपासनिसांनी विचारले. त्यांची फाईल सापळ्याच्या हातात दिलेली होती.

अडतीस गॉगल त्यांच्याकडे वळले.

“बाक बाहेर आहे, साहेब,” शंका म्हणाली.

तपासनिसांना पहिल्या फेरीत सोळा मिळाले. त्यांनी चुका समजून घेतल्या, दुसऱ्या फेरीत वीस मिळवले आणि मग मधली सुट्टी होईपर्यंत एकट्याने हिरवी ज्योत काढत बसले. मुख्याध्यापकांनाही साहेबांपाठोपाठ बसावेच लागले. त्यांना अकरा मिळाले. ते शनिवारी पुन्हा बसणार आहेत. त्यांची मोजपट्टी मामांनी मागून घेतली आहे; गॉगल ठेवायला एक लांब फळी करायची आहे. अहवालात तपासनिसांनी लिहिले: ‘प्रयोगशाळा आहे तिथेच ठेवावी. भेटीच्या वेळी शिक्षिका नापास होऊन बाहेर बसलेल्या आढळल्या. इतर शाळांतही अशी व्यवस्था व्हावी.’

संध्याकाळी बाई घरी आल्या तेव्हा सासूबाई कांद्यांशीच होत्या. त्यांनी सुनेकडे पाहिले. कपाळावरची रेघ फिकटली होती. डोळ्यांभोवती मात्र रबराचे एक ठसठशीत लाल कडे उमटले होते.

सासूबाईंनी स्वतःचा गॉगल काढला. त्यांच्याही डोळ्यांभोवती तसेच कडे होते.

“बरं झालं,” त्या म्हणाल्या. “आज पहिल्यांदा शाळेत जाऊन आलेली दिसतेस.”